गेनू साळिंदराच्या नावाचा कायदा

एका जंगलात एक साळिंदर मेले. कसे मेले, ते सांगणारीने पाहिलेले नाही, मुलांनो, आणि हे आधीच सांगून टाकलेले बरे. त्या संध्याकाळी डोहाच्या काठावर कोण कोण होते, पहिला दात कोणाचा लागला, गेनू साळिंदर ओरडला की नाही, यातले काहीही तिला ठाऊक नाही. ज्यांनी पाहिले ते बोलत नाहीत. जे बोलतात ते त्या वेळी भलतीकडेच होते, आणि तरीही त्यांना सगळे तपशीलवार माहीत आहे. म्हणून ही गोष्ट दुसऱ्या दिवशी सकाळपासूनच सुरू करावी लागते.

सकाळी दिसले ते असे. गेनू काठावर निपचित पडला होता. त्याच्या पाठीवर एकही काटा नव्हता. सगळे काटे उपटून पळसाच्या पानांवर रचून ठेवलेले होते, एखाद्या गृहिणीने चुलीपाशी काटक्या रचाव्यात तसे. आणि गेनूला कोणीही खाल्लेले नव्हते.

तुम्हाला वाटेल, खाल्ले नाही हे त्यातल्या त्यात बरे झाले. जंगलात तसे नसते. जंगलात खाणे हा गुन्हा नाही. वाघाने चितळ खाल्ले, तर चितळाच्या घरी कोणी समाचाराला जात नाही. भूक लागली, खाल्ले, विषय संपला. पण मारायचे आणि खायचे नाही, या गोष्टीला त्या जंगलात नाव नव्हते. नाव नव्हते, म्हणून शिक्षाही नव्हती.

गेनूच्या बायकोचे नाव सगुणा. तिला नावाची गरज भासली नाही. कोणी मारले आणि का मारले, हे तिला नाव न देताही समजले होते.

त्या जंगलात एक समजूत होती. साळिंदराचा काटा घरात पडला, की घरात भांडण लागते. सासू-सुनेचे वाजले, की प्राणी आधी बिळात काटा शोधत. सापडला, तर दोष साळिंदराचा. सापडला नाही, तर नीट शोधला नाही, असे समजत. ही समजूत आजवर कधीही खोटी ठरली नव्हती, याचे कारण तुमच्या लक्षात आलेच असेल.

त्या उन्हाळ्यात सगळे ओढे आटले आणि एकच डोह उरला. अख्खे जंगल एका डोहावर आले. साहजिकच रोज भांडणे होऊ लागली. पाणी कमी आहे म्हणून भांडणे होतात, हे कारण फारच साधे होते. कोल्ह्यांनी अधिक खोल विचार केला. ते म्हणाले, साळिंदरे पाण्यावर येतात म्हणून भांडणे होतात. त्यांनी हे आधी हळू म्हटले. कोणी हरकत घेतली नाही, तेव्हा मोठ्याने म्हटले. मग एका संध्याकाळी गेनू पाण्यावर गेला.

सगुणाच्या बिळात आता दोन पिले होती आणि गेनूचा धाकटा भाऊ नामा होता. पिले पाण्यावाचून रानकंद चघळत होती. कंदांतला ओलावाही दिवसेंदिवस उणा होत चालला होता. धाकटे पिलू तर आता रडायचेही थांबले होते, आणि सगुणाला रडण्यापेक्षा त्याचीच अधिक धास्ती वाटत होती.

म्हणून ती जंगलाच्या सभेत गेली. तिचे मागणे एवढेच होते: संध्याकाळी साळिंदरे पाणी पिऊन जाईपर्यंत कोल्ह्यांनी डोहावर येऊ नये.

ती सभा कशी असे, ते सांगायला हवे. मैदानाच्या मधोमध एक बेहड्याचे झाड होते. झाडाच्या पूर्वेला गव्याचा पक्ष बसे, पश्चिमेला हुप्प्या वानराचा. ज्याच्या अंगावर सावली, तो सत्ताधारी. ज्याच्या अंगावर ऊन, तो विरोधक. सकाळी सावली पश्चिमेला पडे, तेव्हा हुप्प्या राज्य करी. दुपारी ती पूर्वेला सरके, तेव्हा गवा. जागा कोणीही बदलत नसे. दोन्ही पक्षांना आपल्या निष्ठेचा फार अभिमान होता.

सभापती कासवबुवा होते. प्रश्न अवघड आला, की ते मान आत घेत. त्यामुळे निःपक्षपाती म्हणून त्यांची ख्याती दूरवर पसरली होती.

सगुणा नामाला घेऊन पोचली, तेव्हा सकाळ होती आणि गवा उन्हात तापला होता.

"ही साधी मारामारी नव्हे!" तो गरजला. "हा एकट्या गेनूवरचा घाव नाही. हा समस्त साळिंदर समाजावरचा घाव आहे! एकाला मारले, आणि उरलेल्यांना निरोप धाडला. भुकेने मारणे वेगळे, द्वेषाने मारणे वेगळे. द्वेषाविरुद्ध कायदा झालाच पाहिजे!"

सगुणाला वाटले, हा अगदी आपल्या मनातले बोलतो आहे.

हुप्प्या सावलीत शेपटी झुलवत बसला होता. "गवेराव, चावा तो चावा. चाव्याला कधी जात असते का? ससा चावला गेला तर थोडे दुःख आणि साळिंदर चावले गेले तर मोठे दुःख, हे शास्त्र कोणत्या कुरणात शिकलात? आणि द्वेष असतो मनात. आज कोल्ह्याच्या मनात डोकावाल, उद्या माझ्या मनात डोकावाल."

"तुझ्या मनात काय आहे ते बघायला डोकावावे लागत नाही, हुप्प्या. बोरे आहेत!"

पूर्वेकडचे सगळे खदखदा हसले. पश्चिमेकडच्यांनी निषेध म्हणून थोडा वेळ अंग खाजवणे थांबवले.

मग सूर्य कलला. सावली सरकत सरकत गव्याच्या पाठीवर आली. सगुणाच्या जिवात जीव आला. आता तर याचेच राज्य, आता हा कायदा करणार.

गव्याने डोळे मिटून रवंथ केले आणि मग संथपणे म्हटले, "हे पाहा, कायदा म्हणजे पोरखेळ नव्हे. शेवटी चावा तो चावा. चाव्याला काही जात नसते."

आणि पलीकडून उन्हातला हुप्प्या छाती बडवत ओरडला, "हा समस्त साळिंदर समाजावरचा घाव आहे!"

सगुणा चक्रावली. "भावजी," तिने नामाला हळूच विचारले, "सकाळी हे दुसरा म्हणत होता ना?"

"वहिनी, भाषण उन्हाचे असते," नामा म्हणाला. "जो उन्हात बसतो, त्याला ते आपोआप येते."

शेवटी सगुणाच उभी राहिली. उभी राहताना तिचे काटे खुळखुळले. अख्खी सभा एकदम गप्प झाली.

"म्हणूनच!" गर्दीतून कोणीतरी म्हणाले.

"म्हणूनच काय?" कासवबुवांनी विचारले.

"म्हणूनच सकाळपासून सभेत भांडण चालले आहे. हिचे काटे बघा ना!"

मुलांनो, त्या सभेत दोन्ही पक्षांचे एकमत होण्याचा तो पहिलाच प्रसंग. गव्याने हुप्प्याकडे पाहिले, हुप्प्याने गव्याकडे पाहिले, आणि दोघांनीही मान डोलावली.

"बाई, तुम्ही जरा त्या खडकामागे बसता का?" गवा मायेने म्हणाला. "तुमच्याच भल्यासाठी. तुमचाच तर विषय चालला आहे."

"मला एकच सांगायचे आहे. संध्याकाळी कोल्ह्यांनी—"

"सांगा की, निवांत सांगा. खडकामागून सांगा."

खडकामागून आलेला आवाज सभेच्या कामकाजात धरत नसत.

सगुणा आणि नामा खडकामागे गेले. सभेत एकही साळिंदर उरले नाही. भांडण मात्र दुप्पट आवाजाने सुरू झाले. तेव्हा सभेने मैदानात कुठे काटा पडला आहे का, याचा कसून शोध घेतला. काटा सापडला नाही. नीट शोधला नाही, असे ठरले.

पुढे एक समिती नेमली गेली. द्वेष कोणता आणि भूक कोणती, हे तिने ठरवायचे होते. भुकेला धक्का लागता कामा नये, यावर मात्र सगळे आधीच ठाम होते. दोन्ही पक्षांत मांसाहारी होते, आणि शाकाहाऱ्यांनाही मांसाहाऱ्यांची मते हवी होती.

समितीने कोल्ह्यांच्या म्होरक्याला बोलावले. त्याचे नाव तांबोजी. तांबोजी सकाळी सावलीतल्या पक्षाच्या घोषणा देई आणि दुपारीही सावलीतल्याच पक्षाच्या घोषणा देई. इतका निष्ठावंत कार्यकर्ता जंगलात दुसरा नव्हता.

"गेनूविषयी तुमच्या मनात द्वेष होता काय?" कासवबुवांनी विचारले.

"शिव शिव! गेनू म्हणजे आमच्या घरच्यासारखा. भूक लागली होती, महाराज."

"मग खाल्ला का नाही?"

"काटे काढता काढता भूक मेली."

समितीतल्या सगळ्यांनी सहानुभूतीने माना हलवल्या. असे कोणाचेही होऊ शकते.

"आणि काटे पानांवर रचून ठेवले, ते?" खडकामागून सगुणाने विचारले. पण ती, मघाशी सांगितल्याप्रमाणे, खडकामागे होती.

अखेर एके दिवशी भर माध्यान्ही कायदा मंजूर झाला. त्या घटकेला सूर्य डोक्यावर असतो, सावली झाडाच्या बुंध्याशी गोळा होते, आणि थोडे सरकून बसले तर दोन्ही पक्षांचे पुढारी तिच्यात मावतात. एकमताला अनुकूल अशी तेवढी एकच वेळ.

कायदा असा होता: जो प्राणी दुसऱ्या प्राण्यास मारील आणि खाणार नाही, त्याने द्वेषाने मारले असे समजावे आणि त्यास जंगलाबाहेर घालवावे. खाल्ल्यास भूक समजावी. मागे घडून गेलेल्या प्रकरणांस हा कायदा लागू नाही.

म्हणजे गेनूला लागू नव्हता. म्हणून त्याला गेनूचे नाव दिले.

मग सत्कार झाला. सगुणाला खडकामागून सन्मानाने बाहेर बोलावले. गव्याने श्रीफळ दिले, हुप्प्याने शाल पांघरवली. शाल काट्यांत अडकली. ती पुढच्या सत्कारालाही हवी होती, म्हणून चार माकडे ती सोडवायला बसली. नंतर मोठी पंगत झाली. कोल्ह्यांनी वाढपाचे काम आनंदाने अंगावर घेतले, आणि वाढता वाढता स्वतःही आकंठ जेवले.

शाल सुटेपर्यंत सगुणा गव्याशी बोलत उभी होती.

"मग आज संध्याकाळी पिलांना डोहावर नेऊ ना?"

"न्या की! बिनघोर न्या."

"कोल्हे असतील तिथे."

"असू द्यात. आता कायदा आहे, बाई. त्यांनी मारले आणि खाल्ले नाही, तर त्यांची खैर नाही."

"आणि खाल्ले तर?"

गव्याने जरा वेळ शालीकडे पाहिले. "तुम्ही फारच वाईट बाजू बघता," तो म्हणाला.

संध्याकाळ झाली. धाकट्या पिलाची जीभ कोरडी पडली होती आणि थोरले त्याला ढुशा देऊन चालवीत होते. डोहाजवळ करवंदीची दाट जाळी होती. तिथे नामा थांबला.

"वहिनी, तुम्ही पिलांना घेऊन इथेच राहा. मी आधी पाणी पिऊन बघतो. सगळे ठीक असले, तर शेपटीचे काटे वाजवतो. मग या."

"भावजी, सगळेच परत जाऊ."

"परत जाऊन काय चघळायचे?" नामा म्हणाला. "आणि आपला तर आज सत्कार झाला आहे."

तो गेला. सगुणा जाळीतून पाहत होती.

डोहावर कोल्हे होते. तांबोजीने नामाला पाहिले आणि तो अदबीने उठून उभा राहिला. "या, या, नामदेवराव! आमचे काही मनात धरू नका हं."

नामाने पाण्याला तोंड लावले. तेवढ्यात सगळ्यांनी मिळून त्याला धरले. फार वेळ लागला नाही.

मग कोल्हे एकमेकांकडे पाहू लागले.

"भूक कोणाला आहे रे?" तांबोजीने विचारले.

कोणालाच नव्हती. सगळे पंगतीला तड लागेपर्यंत जेवले होते.

"अरे, असे कसे चालेल? कोणीतरी खायलाच हवे. कायदा आहे."

"तुम्हीच घ्या, दादा. तुम्ही वडीलधारे."

"नेहमी मीच का? मागे काटेही मीच काढले."

बरीच हुज्जत झाली. शेवटी समाजासाठी फार मोठा त्याग करीत असल्यासारखा चेहरा करून तांबोजी वाकला. त्याने एक घास तोडला, तोंड पलीकडे फिरवले, आणि ते सगळे निघून गेले.

सगुणाने दोन्ही पिलांची तोंडे आपल्या पोटाशी दाबून धरली होती. कोल्हे गेल्यावर ती त्यांना पाण्यापर्यंत नेणार होती. पण डोहाच्या दुसऱ्या अंगाने कोल्ह्यांची पोरे पाण्यावर उतरत होती, खिदळत, आपल्या बापांच्या पराक्रमाबद्दल विचारत. सगुणा पिलांना घेऊन परत फिरली.

सकाळी ती सभेत उभी राहिली आणि पाहिले ते सगळे तिने सांगितले. या वेळी तिला खडकामागे पाठवले नाही. ती साक्षीदार होती.

"कोणी मारले, ते राहू द्या," कासवबुवा म्हणाले. "ते सगळ्यांनाच ठाऊक आहे. खाल्ले का, हा प्रश्न आहे."

"एक घास कमी आहे, म्हणजे खाल्ले," सावलीतून हुप्प्या म्हणाला. "घासभर भूक ही भूकच. कोणाला किती भूक लागावी, हे आता सरकार ठरवणार काय?"

"घास तोडणे म्हणजे खाणे नव्हे!" उन्हातून गवा म्हणाला. "तो थुंकला असेल, तर समस्त साळिंदर समाजावर थुंकला आहे!"

"गिळला, महाराज," तांबोजी खाली मान घालून म्हणाला. "फार कडू होता. पण गिळला."

दुपार झाली. सावली फिरली. आता गवा म्हणाला, घासभर भूक ही भूकच. हुप्प्या म्हणाला, तो समाजावर थुंकला आहे. तांबोजी मात्र गिळल्याचेच सांगत राहिला, आणि त्याच्या या सातत्याचे दोन्ही बाजूंना कौतुक वाटले.

तेव्हा हुप्प्या सगुणाच्या कानाशी आला. "ताई, तुमच्या एका शब्दावर सगळे आहे. थुंकला, एवढे म्हणा. आत्ताच्या आत्ता त्याला जंगलाबाहेर काढतो. आज संध्याकाळी पिले पाणी पितील."

सगुणाला डोळ्यांपुढे पिले दिसत होती. एका शब्दात डोह होता. पण या जंगलात न पाहिलेले पाहिले म्हणायची सवय सगळ्यांनाच होती. त्याच सवयीने त्यांनी गेनूच्या काट्यांत आपापल्या घरची भांडणे पाहिली होती. ती सवय आपण लावून घ्यायची की नाही, एवढाच तिच्यापुढे प्रश्न होता.

"त्याने तोंड पलीकडे फिरवले," ती म्हणाली. "गिळला की थुंकला, ते मला दिसले नाही. पण त्याने नामाला मारलेले मी पाहिले. भूक कोणाला आहे, असे त्याने विचारले आणि कोणालाच नव्हती, हे मी माझ्या कानांनी ऐकले."

सभेत कुजबुज झाली. क्षणभर असे वाटले, की कोणाला तरी काही तरी समजले.

"ते कायद्यात नाही, बाई," असे म्हणून कासवबुवांनी मान आत घेतली.

सगुणा सभेतून उठली. बाहेरच्या कोरड्या ओढ्यात तिने एक जागा निवडली आणि वाळू उकरायला सुरुवात केली. वाळूत खोल झिरा खणला, तर कधी कधी पाणी लागते. साळिंदरांना खणणे चांगले येते. पिले शेजारी बसून पाहत होती. कोपरभर खोलीवर वाळू जराशी गार लागली. तिने ती मूठभर वर काढली, धाकट्याच्या जिभेला लावली आणि पुन्हा खणू लागली.

सभेतून ते दिसत होते.

"पाहा," हुप्प्या म्हणाला, "यांनाच आपल्यात मिसळायचे नाही. वेगळे पाणी हवे."

"या मुद्द्यावर मात्र मी सहमत आहे," गवा म्हणाला.

समितीचे काम अजून चालू आहे. तांबोजीचे पोट तपासावे, अशी एक सूचना आली होती. परंतु दरम्यान तो बऱ्याच वेळा जेवलेला असल्यामुळे ती मागे घेण्यात आली. डोहाकाठची माती चाळून पाहिली. काही मिळाले नाही. तो घास तांबोजीने गिळला की थुंकला, हे अद्याप ठरलेले नाही.

तात्पर्य: मुलांनो, कोणाचाही द्वेष करू नये. करणे अगदी भागच असेल, तर उपाशीपोटी करावा.